रेकखालची वाट

दयारामच्या पोरीचं लग्न ठरल्याचं कोकिळाला कळलं ते अन्वरच्या चहाच्या टपरीवर. ऐकल्याबरोबर तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की लग्नाच्या दिवशी रेक लागलेली असायला हवी.

भोनखेड हे गाव नांदुऱ्याच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून जरा आत. गाव आणि रस्ता यांच्या मधून सिमेंटच्या गोदामाची सायडिंग गेलेली. मोठ्या लाइनीतून फुटलेला तो एकेरी रूळ गावातून रस्त्याकडं जाणाऱ्या पांदणीला आडवा कापून पुढं मातीच्या ढिगापाशी संपायचा. मालगाडीचे डबे येऊन उभे राहिले, की लोक म्हणायचे, "रेक लागली." रेक लागली, की पांदण बंद. मग दूध घेऊन निघालेले, शाळेत जाणारी पोरं, दवाखान्यात न्यायची म्हातारी माणसं, सगळी डब्यांखालून रांगत पलीकडं जायची.

आधी असं नव्हतं. रेक आली, की ती पांदणीपाशी तोडायचे आणि मधे बैलगाडी जाईल एवढी वाट सोडायचे. रिकामे डबे न्यायला इंजिन आलं, की ते जोडण्याआधी एक गडी तोंडात शिट्टी धरून, खाली वाकून बघत, डब्यांच्या कडेनं शेवटापर्यंत चालत जायचा. सायडिंगचा ठेका दयारामनं घेतला आणि दोन्ही गोष्टी बंद झाल्या. तोडाजोडीत वेळ जातो म्हणून रेक तोडणं गेलं. शिट्टीवाला गडी नुसता हिंडतो म्हणून त्याला पोती उचलायला लावलं. गावानं अर्ज केले, साहेबांना भेटले, एकदा रुळावरही बसले. रुळाखालून जायला बोगदा मागितला. दयाराम गावचाच माणूस. तो रुळावर बसलेल्यांना चहा पाजायचा आणि म्हणायचा, "अरे बाप्पा, बोगदा होते ना! कागद वर गेला आहे. धीर धरा."

धीर धरलेल्या त्या पावसाळ्यात कोकिळाची सारिका गेली.

सारिका खामगावला नर्सिंग शिकत होती. सकाळची बस धरायची म्हणून ती घाईनं निघाली. रेक उभी होती, पण इंजिन कुठं दिसत नव्हतं. ती डब्याखाली शिरली आणि नेमकं तेव्हाच तिकडं, वळणाच्या पलीकडं, इंजिन येऊन जोडलं गेलं. जोडल्याचा धक्का एका डब्यातून दुसऱ्या डब्यात खडखडत शेवटपर्यंत येतो. तो आवाज जवळ येताना ऐकून सारिका उठून बाहेर पळायला गेली.

अन्वरनं ते टपरीतून पाहिलं. आठ-दहा दिवसांनी तो कोकिळाच्या दारात येऊन बसला आणि रडता रडता त्याच्या तोंडून निघून गेलं, "भाभी, पोट्टी पालथी पडली असती त वाचली असती. गाडी वरून निघून गेली असती. मी वरडनारच होतो, पन गयातून आवाजच निंगाला नाही."

त्या भल्या माणसाला काय ठाऊक, की आपण काय देऊन जातोय. तेव्हापासून भाकरी थापताना, निंदताना, आंघोळ करताना कोकिळाच्या ओठांवर तेच यायचं. पालथी पड, माय. पालथी पड.

तरीही तिच्या मनात दयारामबद्दलची आग लागली ती त्या दिवशी नाही. ती लागली ग्रामसभेत. शाळेच्या पटांगणात सगळं गाव जमलं होतं. दयाराम उठला. पांढरेशुभ्र कपडे, हात जोडलेले. म्हणाला, "दुःख मलेही आहे. माही करिष्मा अन् सारिका एका ताटात जेवलेल्या पोरी. पन खरं ते सांगाच लागते. इंजिनानं भोंगा देल्ला होता. पोरीच्या कानात मोबाइलच्या वायरी होत्या. तिनं ऐकलंच नाही."

कोकिळा ताडकन उभी राहिली. "तिचा मोबाइल घरी होता. चार्जिंगले लावेल होता. कायच्या वायरी सांगून राह्यला तू?"

दयारामनं तिच्याकडं फार दयेनं बघितलं. "वहिनी, तुमचं मन मी समजतो," एवढंच म्हणाला आणि खाली बसला.

आणि लोकांनी माना डोलावल्या. तेच लोक, जे चार महिने आधी रुळावर बसले होते. आजकालच्या पोरी असंच करतात, असं कुणीतरी मागून बोललं. अपघाताचा जो कागद वर गेला त्यातही तेच गेलं. मेलेल्या पोरीच्या माथी तिचंच मरण मारून दयाराम मोकळा झाला.

कोकिळाचा नवरा देवानंद हा शांत माणूस. तो रोज सकाळी विहारात जाऊन बसायचा, घरी येऊन कामाला लागायचा, बोलायचा कमी. त्यानं आपलं दुःख वेगळ्या वाटेला लावलं. सायडिंग जिथं मातीच्या ढिगापाशी संपायची तिथंच यांचं वावर सुरू व्हायचं. ढिगाला वळसा घालून पलीकडं जाता आलं असतं, पण मधे नाला होता. पुरुषभर खोल, काठ उभे, तळाला बारा महिने गाळ. देवानंदनं धुऱ्याच्या बांधावरच्या बाभळी तोडल्या, त्यांचे ओंडके नाल्यावर आडवे टाकले, वर मुरूम ओतून चोपला. आता रेक लागली तरी कुणाला रांगायची गरज उरली नाही. लोक कोकिळाच्या वावरातून जायचे. सायकली, मोटारसायकली, पुढं पुढं गाड्यासुद्धा. गाव त्याला सारिकाचा पूल म्हणू लागलं.

त्या पुलावरून पहिल्यांदा दयारामची पांढरी गाडी गेली तेव्हा कोकिळा धुऱ्यावर विळा घेऊन उभी होती. दयारामनं काच खाली करून नमस्कार केला. "देवानंदनं पुण्याचं काम केलं," म्हणाला. गाडी गेली. कोकिळानं हातातला विळा बाभळीच्या खोडात एवढ्या जोरानं मारला, की तो काढायला दुसऱ्या दिवशी देवानंदला यावं लागलं.

"तुले झालं काय?" त्यानं विचारलं.

"तुह्या पुलावरून पोरीले मारनारा गाडीत बसून जाते."

"रस्ता आहे. त्याच्यावरून कोनीबी जाईन," देवानंद म्हणाला.

लग्नाचं आमंत्रण द्यायला करिष्मा स्वतः आली. तिला सारिकाची आठवण आली आणि ती कोकिळाच्या गळ्यात पडून रडली. नवरदेव देऊळगाव राजाचा. लग्न डांबरी रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात. देवानंद म्हणाला, "मी येतो, बेटा." कोकिळानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. पोर चांगली होती, तिचं तिच्याशी काही वैर नव्हतं. पण दयारामचा जीव कुठं दुखतो हे गावात सगळ्यांना माहीत होतं. बायको गेल्यापासून त्यानं त्या एकुलत्या पोरीला तळहातावर वाढवलं होतं. आपल्या हातानं कन्यादान करायचं, ही एकच हौस तो दहा माणसांत बोलून दाखवायचा.

दयारामची आई सिंधूताई ही गावात हट्टी म्हणून नामांकित. तिनं आधीच सांगून टाकलं होतं, "मी त्या कार्यालयात झोपाले येत नाही. माह्या घरून निंगीन, अन् अक्षतीच्या टायमावर येईन. दयाराम येईन मले घ्याले." हेही सगळ्या गावाला माहीत होतं.

कोकिळानं मग चार दिवस आधीपासून एक काम हळूहळू चालवलं. हरभऱ्याला खुरपणी करते असं दाखवून ती नाल्यापाशी जायची आणि लोखंडी सबलीनं ओंडक्यांच्या टोकांवरचा मुरूम मोकळा करून परत वर पसरून ठेवायची. काय करणार आहोत ते तिला पक्कं ठाऊक होतं. आणि तो मेला तर? या प्रश्नापाशी ती एकदोनदा येऊन उभी राहिली. त्याचं उत्तर मात्र तिनं स्वतःलाही दिलं नाही.

लग्नाचा रविवार उजाडला. रेक आदल्या दिवशीच लागली होती. हमालांनी रातोरात डबे रिकामे केले, पहाटे अंघोळी केल्या आणि ठेकेदाराच्या घरचं लग्न म्हणून सगळे नवे कपडे घालून कार्यालयाकडं गेले. रिकामी रेक पांदणीवर आडवी उभी राहिली. इंजिन येणार होतं, कधी ते कुणालाच माहीत नव्हतं. सकाळपासून गाव सारिकाच्या पुलावरून लग्नाला जात राहिलं. देवानंदही गेला. जाताना म्हणाला, "तूही चाल. पोरीले बरं वाटन."

"मले हरभऱ्याचं ओलित करायचं आहे. आज मोटरीले दिवसाची लाइन आहे."

सगळी वर्दळ सरल्यावर पांढरी गाडी पलीकडून आली, पूल ओलांडून गावाकडं गेली. गाडी पांदणीच्या वळणाआड गेली मात्र, कोकिळानं आधीच जुंपून ठेवलेली बैलजोडी नाल्याशी आणली. पहिल्या ओंडक्याच्या टोकाला साखळी अडकवली आणि बैलांना हाकललं. बैल दबले, मुरूम भसकन नाल्यात गेला आणि ओंडका उखडून वावरात आला. मग दुसरा. मग तिसरा. शेवटचा ओंडका निसटून नाल्यातच पडला आणि गाळात अर्धा बुडाला. कोकिळानं बैल सोडले, बाभळीखाली नेऊन बांधले, आणि गावाकडच्या काठावर फावड्याला टेकून उभी राहिली. धाप लागली होती.

दयाराम आला. शेजारच्या सीटवर सिंधूताई नऊवारी नेसून, नथ घालून बसलेली. त्यानं करकचून ब्रेक मारला.

"हे काय? पूल कुठं गेला?"

"काढला."

"काढला? कोनं?"

"मी. माह्या वावरात आहे, माह्या नवऱ्यानं बांधला, मी काढला."

दयाराम खाली उतरला. गुलाबी फेटा, कोशाच्या रेशमाचं जाकीट, हातात सोन्याची अंगठी. त्यानं नाल्यात डोकावून पाहिलं, मग मागं वळून रेककडं पाहिलं. कोकिळा त्याचा चेहरा बघत होती. एकेक गोष्ट त्याच्या ध्यानात येताना तिला दिसत होती.

आवाज ऐकून अन्वर टपरीतून लंगडत आला. "या अल्ला! भाभी, हे काय केलं?"

दयारामचा फोन वाजला. पलीकडून व्याही वामनराव एवढ्या मोठ्यानं बोलत होते, की सगळ्यांना ऐकू आलं. "दयारामपंत, कुठं आहात? भटजींना पुढं दुसरं लग्न लावायचंय. आम्ही मुहूर्त चुकू देत नसतो, आमच्या घराण्यात तसं चालत नाही. येताय का मामाला उभं करू?"

"आलो, आलो. पाचच मिनिटं. मी आल्याबिगर उभं करू नका, पाया पडतो."

त्यानं फोन खिशात घातला आणि काठावरून नाल्यात उतरायला गेला. पहिलाच पाय मांडीपर्यंत रुतला. अन्वरनं काखेत हात घालून त्याला कसाबसा वर ओढलं. एक बूट गाळातच राहिला. रेकला वळसा घालायचा तर लांब मोठ्या लाइनीपर्यंत चालत जावं लागलं असतं. नदीकडून फिरून जायचं तर ट्रॅक्टर पाहिजे होता आणि दीड तास. गावात माणूस नव्हता, ट्रॅक्टर कार्यालयासमोर उभे होते.

त्यानं सायडिंगच्या ऑफिसला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला.

"कोन उचलनार?" कोकिळा म्हणाली. "समदे तुह्याच मांडवात जेवून राह्यले."

"वहिनी, ओंडके परत टाकू. मी, तुमी, अन्वर. हात लावा थोडा."

"नाही लावत."

"माह्या पोरीचं लग्न लागून राह्यलं हो!"

"माह्या पोरीची बस जाऊन राह्यली होती. तिनं काय केलं? ती खालून गेली. तूही खालून जाय."

दयाराम तिच्याकडं बघतच राहिला. मग रेककडं. लांबच लांब, लालसर, मुकी रेक. तिच्या खालून कसं जायचं हे गावातल्या पोराबाळांना माहीत होतं. त्यानं आयुष्यात ते कधी केलं नव्हतं. आणि खालून जाण्यात काय आहे हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. कारण इंजिन आलं तर शिट्टी वाजवत येणारा माणूस नव्हता, हे त्यानंच ठरवलेलं होतं.

त्यानं एकदम आवाज खाली आणला. "कोकिळाबाई, ऐका. मी ग्रामसभेत सांगतो. समद्याईच्या समोर सांगतो. पोरीच्या कानात काही नव्हतं. मी खोटं बोललो. भोंगाही झाला नव्हता. आता झालं ना तुमचं? आता मदत करा."

हे एक वाक्य ऐकायला कोकिळानं किती वाट पाहिली होती! ते आलं, आणि तिला कळलं, की हा त्या वाक्याचाही पूल करू पाहतोय. वर पाय देऊन पलीकडं जायला. तिच्या अंगाची लाही झाली.

"ते तुह्यापाशीच ठेव," ती म्हणाली. "मले आता ते नाही पायजे. खालून जाय."

गाडीचं दार उघडून सिंधूताई बाहेर आली. काठी टेकत कोकिळापुढं उभी राहिली.

"कोकिळे, माह्या लेकाले मारतं काय वं?"

"मी कुठं मारून राह्यली, आजी? मी त फक्त माहा पूल काढला. तिथं मरन ठेवलं आहे ते यानंच ठेवलं आहे."

म्हातारी लेकाकडं वळली. "जाऊ नको रे. लागू दे लग्न मामाच्या हातानं. पोरगी काही कुठं पयून नाही जाऊन राह्यली."

फोन परत वाजला. दयारामनं स्क्रीनवर पाहिलं, कानाला लावला. या वेळी करिष्मा होती. "बाबा, तुमी कुठं आहात? मले भीती वाटून राह्यली."

"आलो, बेटा," दयाराम म्हणाला, फोन आईच्या हातात दिला आणि रेककडं चालू लागला. एका पायात बूट, दुसरा पाय गाळानं काळा.

"थांबा, शेठ! मी पुढं जाऊन इंजिन पाहून येतो," असं म्हणत अन्वर रुळाच्या कडेनं लंगडत निघाला. पण रेकचं ते टोक वळणापलीकडं होतं आणि त्याचा गुडघा कामातून गेलेला. दयाराम थांबला नाही.

कोकिळा त्याच्या मागोमाग गेली. तिला बघायचं होतं. तो खाली बसला तेव्हा धोतराचा सोगा खडीत अडकला. त्यानं हात टेकले, गुडघे टेकले, फेटा सावरला आणि रूळ ओलांडून डब्याखाली शिरला. फेटा वर लोखंडाला घासत होता. तो मधे पोचला आणि थांबला. तिथून त्यानं मान वळवून कोकिळाकडं बघितलं. त्याचे डोळे पांढरे झाले होते.

बघ, कोकिळा मनात म्हणाली. बघ कसं असते तिथं. तिच्या पोटात काहीतरी गोड, कडक असं भरून आलं. असं सुख तिला सारिका गेल्यापासून एकदाही मिळालं नव्हतं.

आणि तिकडं, लांब वळणापाशी, धडाम झालं.

मग तो आवाज निघाला. डब्यामागून डबा, खडड, खडड, खडड, जवळ जवळ येत. अन्वर दूरवर दोन्ही हात हलवून ओरडत होता, पण काही ऐकू येत नव्हतं. दयारामनं तो आवाज ऐकला आणि उठायला गेला. गुडघा उचलला, एक हात रुळावर टाकला.

"पालथी पड!" कोकिळा किंचाळली. "पालथी पड, माय! पालथी पड!"

त्या आवाजात असं काही होतं, की तो माणूस विचार न करता दाणकन खाली पडला. तोंड खडीत, हात अंगाशी. धक्का त्याच्या डोक्यावरच्या डब्यात आला, डबा दचकला, चाक हललं. जिथं त्याचा हात होता तिथून चाक गेलं. मग रेक चालू लागली. आधी सावकाश, मग एका लयीत. डब्यामागून डबा त्याच्यावरून जात राहिला. कुठल्यातरी लोंबत्या साखळीनं फेटा ओढून नेला. गुलाबी कापड बरंच लांब फरफटत गेलं. कोकिळा रुळाशी गुडघ्यांवर बसली होती आणि तिच्या तोंडातून ते दोन शब्द थांबतच नव्हते.

शेवटचा डबा गेला. ऊन पडलं. पांदण मोकळी झाली.

दयाराम रुळांच्या मधे पालथा पडलेला होता. जिवंत. कपाळ फुटलेलं, धोतर ओलं. त्याला उठता येईना. सिंधूताईनं त्याच्यापाशी बसून त्याच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा तो हंबरडा फोडून रडला.

कोकिळा उठली. साडीवरची धूळही न झटकता वावरात गेली, मोटर चालू केली आणि हरभऱ्याला पाणी द्यायला लागली. तिला राग आला होता तो आपल्याच तोंडाचा. सुखाच्या ऐन वेळी तोंडानं दगा दिला होता.

अन्वरनं गाडी हाकून त्या दोघांना कार्यालयात पोचवलं. तोवर अक्षता पडून गेल्या होत्या. कन्यादान मामानं केलं होतं. रक्ताळलेल्या कपाळाचा, उघड्या डोक्याचा बाप मांडवाच्या दारात उभा राहिला, तेव्हा वामनरावांनी वाजंत्री बंद करायला सांगितली.

पोलिसात कुणी गेलं नाही. दयाराम जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं. उलट त्यानंच पुढच्या ग्रामसभेत उभं राहून सारिकाच्या कानात काही नव्हतं, शिट्टीवाला गडी आपणच काढला होता, हे सांगितलं. कोकिळा ते पुरतं ऐकायला थांबली नाही. वरून माणसं आली, मोजमाप झालं. बोगद्याचं पुढं काय होईल ते होईल, पण रेक पांदणीपाशी तुटायला लागली आणि शिट्टीवाला गडी परत ठेवला गेला.

गाव मात्र भलतंच बोलू लागलं. वैऱ्याला जीवदान दिलं, केवढं मन त्या बाईचं! विहारात एकीनं तिच्या पायाला हात लावला तेव्हा कोकिळा फटकन म्हणाली, "मी कोनाले वाचवलं नाही. माह्या पाया पडू नका."

देवानंदला सगळं कळलं होतं. त्यानं एकदाच विचारलं, "तो पूल कोनाच्या नावाचा होता?" दुसऱ्या दिवशी तो एकटाच ओंडके ओढत बसला. ती दुसरं टोक धरायला गेली तर म्हणाला, "राहू दे." दोन दिवस त्यानं तिचा हात लागू दिला नाही.

होळीला करिष्मा माहेरी आली आणि सरळ कोकिळाच्या घरी आली. गळ्यात नवं मंगळसूत्र. या वेळी ती गळ्यात पडली नाही, दारातच उभी राहिली.

"काकू, मी तुमचं काय केलं होतं? माह्या लग्नाचाच दिवस काऊन घेतला?"

कोकिळानं हातातलं सूप खाली ठेवलं. पोरीला खोटं सांगावं असं तिला वाटलं नाही.

"त्याले दुसरं काहीच प्यारं नव्हतं म्हनून. दुसऱ्या कोन्या दिवशी तो खालून गेलाच नसता."

करिष्माचे डोळे भरले. "तुमाले बाबाले मारायचंच होतं ना?"

"हाव. मेला असता त मी रडली नसती."

"मंग वरडल्या काऊन? समदे म्हनतात तुमी माफ केलं."

"ते मी तुह्या बापासाठी नव्हती वरडली," कोकिळा म्हणाली. "तुह्या बापाले ते चुकून ऐकू गेलं."

मग करिष्मा खालच्या आवाजात म्हणाली, "बाबा झोपत नाही आता. रेक लागली का उठून बसते. इंजिन जोडलं का कानावर हात ठेवून वरडते. आजी धरून बसते त्याले."

"वरडू दे."

"काकू..."

"वरडू दे, करिष्मा. तू जाय घरी. तुह्यावर माहा राग नाही, पन त्याच्यासाठी माह्यापाशी काही मागाले येऊ नको."

पोर वळली आणि मागं न बघता गेली. ती पुन्हा कधी येणार नाही हे कोकिळाला कळलं, आणि ते तिच्या जिवाला लागलंही. सारिकाला ओळखणारं, सारिकाशी हसलेलं एक माणूस त्या दारातून कायमचं गेलं होतं.

पण संध्याकाळी ताटावर बसली तेव्हा तिला कडकडून भूक लागली होती. तिनं दोन भाकरी खाल्ल्या, ठेच्याला तेल घेतलं, आणखी अर्धी भाकरी मोडली. देवानंद हातातला घास तसाच धरून तिच्याकडं बघत होता. तिनं त्याला बघू दिलं.